प्रोसेसरमध्ये वॅक्स पुन्हा पुन्हा अडकतंय? व्हॉल्व्ह उघडण्याआधी वॅक्समध्ये काय मिसळलंय ते बघा

टिश्यू प्रोसेसर, म्हणजे तपासणीला आलेल्या ऊती अल्कोहोल, झायलीन (मेण विरघळवणारं द्रावक) आणि वितळलेल्या वॅक्समधून नेणारं लॅबचं यंत्र. दर पाच-सहा आठवड्यांनी त्याची तीच तक्रार. रात्री लावलेला रन सकाळी अर्ध्यावर थांबलेला, स्क्रीनवर रिटॉर्ट (ऊती ठेवायचं बंद भांडं) भरत नाही किंवा रिकामं होत नाही असा संदेश, आणि कॅसेट (ऊतीच्या जाळीदार डब्या) शेवटच्या झायलीनमध्ये नाहीतर पहिल्या वॅक्समध्ये अडकून. इंजिनीअर येतो, रोटरी व्हॉल्व्ह उघडतो, पुसतो, ओ-रिंग (सीलचं रबरी कडं) बदलतो. यंत्र सुरू होतं. दीड महिन्याने पुन्हा तेच.

असा दोष ठरावीक अंतराने परत येत असेल तर तो बहुतेक व्हॉल्व्हचा नसतो, वॅक्सचा असतो. नेमकं सांगायचं तर पॅराफिन वॅक्समध्ये लॅबमध्येच हाताने मिसळलेल्या पदार्थाचा. म्हणून नियम आधीच सांगून टाकतो: काही मिसळायचंच असेल तर ते एम्बेडिंगच्या, म्हणजे प्रोसेसरमधून निघालेली ऊती साच्यात बसवून ब्लॉक करायच्या वॅक्समध्ये मिसळा. बंद रिटॉर्टच्या प्रोसेसरमध्ये साधं गाळलेलं वॅक्स घाला, किंवा कारखान्यातच अ‍ॅडिटिव्ह मिसळून आलेलं आणि यंत्राच्या मॅन्युअलमध्ये चालेल असं लिहिलेलं वॅक्स. तिसरं काही नाही.

मिसळण्याचा मोह का होतो, तेही खरं आहे. नागपुरात खर्‍यामुळे गालाचे आणि जबड्याचे नमुने भरपूर येतात (खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण). फायब्रोसिसने कडक झालेली श्लेष्मल त्वचा, तिच्याखाली स्नायू, शेजारी डीकॅल्सिफाय केलेलं (कॅल्शियम काढून मऊ केलेलं) हाड, सगळं एकाच कॅसेटमध्ये. असा ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) लावला की हाडाजवळ सेक्शन, म्हणजे काप, फाटतं आणि कापांची सलग रिबन धरत नाही. त्यात मे महिना, नवतपा, बाहेर ४५ अंश. मग कुणीतरी सुचवतं, ‘वॅक्समध्ये थोडं मधमाशीचं मेण टाका’, किंवा ‘डीएमएसओ टाका, आत लवकर शिरतं’ (डीएमएसओ म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड, एक द्रावक). सल्ला पूर्ण चुकीचा नाही. तो प्रोसेसरच्या बाथमध्ये (वॅक्सच्या टाकीत) अमलात येतो, ही चूक आहे.

आधी तपासणी

शेवटच्या वॅक्स बाथमधून ५० मिली वॅक्स काचेच्या १०० मिली बीकरमध्ये काढा. वर वॉच ग्लास ठेवा आणि बीकर ६२ अंशांच्या वॅक्स ओव्हनमध्ये रात्रभर, साधारण १२ तास, न हलवता राहू द्या. वॅक्सला झायलीनचा उग्र वास येत असेल तर ते बंद ओव्हनमध्ये घालू नका. फ्यूम हूडखाली वॉर्मिंग प्लेटवर ठेवा.

सकाळी बीकर न उचलता बाजूने टॉर्च मारा. वॅक्स तळापर्यंत पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तर ठीक आहे. तळाशी बारीक चकाकणारे मणी दिसले आणि बीकर तिरपं केल्यावर ते घरंगळले तर ते पाणी आहे किंवा डीएमएसओ, बहुतेकदा दोन्ही एकत्र. तपकिरी गाळ असेल तर कच्च्या मधमेणातला कचरा किंवा ऊतींचे तुकडे. आणि सगळंच वॅक्स धुरकट दिसत असेल तर तापमान ७० पर्यंत नेऊन अर्धा तास थांबा. धुरकटपणा गेला तर वॅक्समध्ये जास्त वितळणबिंदूचा काहीतरी भाग आहे. तसाच राहिला तर पाणी पसरलेलं आहे.

ही तपासणी नीट केली की निम्मं निदान तिथेच होतं. सर्व्हिस कॉल लावण्याआधी एकदा कराच.

कोणता पदार्थ यंत्रात काय करतो

डीएमएसओपासून सुरुवात करू, कारण सर्वात जास्त नुकसान तोच करतो आणि सर्वात कमी दिसतो. कारखान्यातून येणाऱ्या डीएमएसओयुक्त वॅक्समध्ये त्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी असतं आणि ते वॅक्समध्ये नीट पसरवलेलं असतं. बाटलीतला डीएमएसओ वितळलेल्या पॅराफिनमध्ये ओतला तर तो विरघळत नाही. पॅराफिन तेलकट जातीचं, डीएमएसओ पाण्याच्या जातीचा. वितळलेल्या वॅक्सची घनता साधारण ०.७७, डीएमएसओची १.१०. ढवळताना मिसळल्यासारखा वाटतो, पण ढवळणं थांबलं की तो थेंबाथेंबाने तळाशी बसतो. बाथच्या तळाशी असतं काय? निचऱ्याचं तोंड आणि तिथून व्हॉल्व्हकडे जाणारी नळी. म्हणजे सबंध बाथमधला डीएमएसओ नेमका व्हॉल्व्हवर जाऊन साचतो. शिवाय तो हवेतली ओल ओढून घेतो. उन्हाळ्यात खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर ओलीला तोटाच नाही. त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीलवर गरम डीएमएसओ आणि पाणी यांचा थर बसून राहतो, आणि ऊतीपर्यंत फारसं काही पोचत नाही.

आता सीलचं बघू. झायलीन आणि गरम वॅक्स सोसणाऱ्या ओ-रिंग सहसा एफकेएम रबराच्या असतात. एफकेएम झायलीनला टिकतं, डीएमएसओमध्ये मात्र फुगतं. ईपीडीएम रबर डीएमएसओला टिकतं, पण झायलीन आणि वॅक्समध्ये फुगतं. दोन्हीकडे टिकणारं साधं रबर मिळत नाही. त्यामुळे दुसरी रिंग लावून पाहू, हा उपाय इथे चालत नाही. बाजारातून त्याच मापाची साधी काळी रिंग आणून बसवणं तर अजिबात नको. ती बहुधा नायट्राइलची असते आणि झायलीनमध्ये थोड्याच दिवसांत सैल पडते. जुनी रिंग काढली की नव्या रिंगशेजारी ठेवा आणि व्हर्नियरने जाडी मोजा. ३ मिमीची रिंग ३.३ भरली, किंवा नखाचा वण तिच्यावर तसाच राहिला, तर ती कशात तरी फुगलेली आहे. झिजलेली रिंग बारीक होते, जाड होत नाही. एवढ्या एका मापावरून झिजेचा दोष आणि रसायनाचा दोष वेगळे ओळखता येतात.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांच्या आसपास वितळतं. बाथ ६० वर आणि वॅक्स ५६-५८ वितळणबिंदूचं असेल तर ते पॅराफिनमध्ये मिसळून जातं, त्यामुळे वरून काही कळत नाही. पण यंत्रात सगळीकडे ६० अंश नसतात. व्हॉल्व्हचा बाहेरचा कडा, नळीचा वाक, रिटॉर्टच्या झाकणाजवळची जागा दोन-तीन अंशांनी थंड असते. जास्त तापमानाला गोठणारा भाग तिथे आधी चिकटतो. एका रनमध्ये केसभर, चाळीस रनमध्ये नळी अर्धी बंद. बाजारात सुटं मिळणारं पिवळं मेण कच्चं असतं, त्यात परागकण, प्रोपोलिस आणि पोळ्याचा कचरा असतो. हा कचरा कुठल्याही तापमानाला वितळत नाही.

सेरेसिन आणि मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचं गणित तेच, फक्त जास्त वाईट. त्यांचे वितळणबिंदू ६५ ते ८० आणि त्याहून वर असतात. प्लास्टिक पॉलिमरचे दाणे सुटे विकत घेऊन बाथमध्ये टाकणं तर पूर्ण वाया आहे. ते १०० अंशांच्या आसपास किंवा वर मिसळावे लागतात. ६० अंशांना ते नरम होऊन चिकट गोळे बनतात आणि जाळीवर बसतात.

अडकलेलं मोकळं करताना

आधी ऊती वाचवा, यंत्र नंतर. मॅन्युअलमधल्या पद्धतीने रिटॉर्टचा दाब सोडा, मास्क आणि हातमोजे घालून झाकण उघडा, बास्केट बाहेर काढा. कॅसेट वॅक्समध्ये असतील तर त्याच वितळणबिंदूच्या ताज्या वॅक्समध्ये ६० ते ६२ अंशांना ४५ ते ६० मिनिटांचे तीन बदल द्या. झायलीनमध्ये असतील तर कॅसेट टिपून, निथळून मग पहिल्या वॅक्समध्ये घाला, आणि तो पहिला बदल नंतर टाकून द्या. झायलीनमध्ये रात्रभर राहिलेली ऊती ठिसूळ होते, तरी ती कोरडी पडू देण्यापेक्षा हे बरं. रुग्णाचा तुकडा परत मिळत नाही. ही पायरी घाईत कुणावर सोपवू नका.

मग यंत्र. वॅक्स हीटर चालू ठेवून १० ते १२ तास थांबा. थंड पडलेलं वॅक्स पूर्ण वितळायला तेवढा वेळ लागतोच. तोवर पंप चालवून जोर लावला तर वॅक्स हवेच्या नळीत ओढलं जातं, आणि मग एका दोषाचे दोन होतात. बाहेरून दिसणारी नळी गोठली असेल तर साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून तिच्यावर ठेवा. हेअर ड्रायर, हीट गन, सोल्डरिंग लोखंड यातलं काही नाही. तार किंवा सुई घालून टोचू नका. व्हॉल्व्हच्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक चरा पडला तरी तो कायमचा गळतो.

मोकळं झाल्यावर रिटॉर्टला आधी झायलीन आणि मग ॲबसोल्यूट अल्कोहोल द्या, आणि शेवटी कोरडं होऊ द्या. क्रम उलटा झाला तर अल्कोहोल वॅक्स विरघळवत नाही, उलट ते पांढरं करून जागच्या जागी घट्ट बसवतं. वॅक्स बाथमध्ये झायलीन कधीच फिरवू नका, त्याचा अंश पुढच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये उतरतो.

बाथ बदलताना सगळं जुनं वॅक्स गरम असतानाच काढा. बाथचा तळ आणि कोपरे धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. साधं वॅक्स भरा, ६२ अंशांना अर्धा तास फिरवा, काढून टाका आणि मग ताजं भरा. साडेतीन लिटरच्या बाथला सुमारे २.७ किलो वॅक्स लागतं. तीन बाथ धुऊन भरायचे तर १६ किलोच्या आसपास हिशेब धरा. एवढं वॅक्स वाया जातंय म्हणून लोक धुण्याची फेरी गाळतात. मग तळाशी राहिलेला डीएमएसओ तिथेच राहतो आणि सहा आठवड्यांनी तोच संदेश परत दिसतो.

सेक्शन तुटण्याचं कारण वॅक्स असतंच असं नाही

हे सर्वात मनापासून सांगायचं आहे. वॅक्समध्ये काही मिसळण्यापर्यंत वेळ येते तेव्हा दोष बहुतेक वेळा वॅक्सच्या आधीच्या पायरीवर झालेला असतो. तुकडा ३ ते ४ मिमीपेक्षा जाड कापलेला असतो. फॉर्मलीन नमुन्याच्या दसपट तरी हवं असताना डबी नमुन्यानेच भरलेली असते. हाडाचं डीकॅल्सिफिकेशन अर्धवट असतं, आणि अर्धवट हाडाला कुठलंही वॅक्स मऊ करत नाही. ॲबसोल्यूट अल्कोहोलमध्ये कूलरच्या ओलीने पाणी शिरलेलं असतं. ब्लॉकच्या मधोमध ऊती खोलगट आणि पिठूळ दिसते तेव्हा पाणी राहिलेलं असतं. डीएमएसओने ते पाणी निघत नाही.

आणि एक कारण तर वॅक्सचंच, पण मिश्रणाशी संबंध नसलेलं: पहिल्या बाथमध्ये साचलेलं झायलीन. साच्यात थोडं वॅक्स ओतून थंड करा आणि नख दाबा. चांगल्या वॅक्सवर स्वच्छ वण उठतो. झायलीन मुरलेलं वॅक्स तेलकट, अर्धपारदर्शक दिसतं आणि नखाखाली भुरभुरतं. अशा वेळी पहिला बाथ टाकून द्या, दुसरा पहिल्याच्या जागी, तिसरा दुसऱ्याच्या जागी आणि ताजं वॅक्स शेवटी. किती कॅसेटनंतर हे करायचं तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. दिवस मोजू नका, कॅसेट मोजा.

झायलीनऐवजी संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन वापरणाऱ्यांनी आणखी जपावं. संत्र्याच्या गावात ते आपलंसं वाटणं साहजिक आहे, आणि श्वासाला ते झायलीनपेक्षा सुसह्यही आहे. पण झायलीन १३८ ते १४४ अंशांना उकळतं, लिमोनीन १७६ ला. गरम वॅक्समधून ते सहज उडून जात नाही, त्यामुळे बाथ लवकर बदलावे लागतात.

फॉर्मलीननंतर थेट तीव्र अल्कोहोल लावलेलं असेल तर बफरमधले फॉस्फेटचे क्षार नळ्यांत आणि व्हॉल्व्हमध्ये पांढरे बसतात. लोक त्यालाच वॅक्स समजतात. झायलीनने न जाणारा पांढरा थर कोमट पाण्याने गेला तर तो क्षार. पहिलं अल्कोहोल ७० टक्के ठेवा.

मिसळायचं तर एम्बेडिंगमध्ये, असं

५८-६० वितळणबिंदूचं पॅराफिन ९५० ग्रॅम आणि शुद्ध केलेलं पांढरं मधमेण ५० ग्रॅम. म्हणजे ५ टक्के. दोन्ही स्टीलच्या भांड्यात ओव्हनमध्ये ६५ ते ७० अंशांना दोन तास वितळवा, मधून मधून काचेच्या कांडीने ढवळा. नंतर चौपदरी मलमलीतून किंवा ओव्हनमध्येच ठेवलेल्या फिल्टर पेपरमधून गाळा. गॅसवर किंवा उघड्या शेगडीवर वितळवू नका. डब्यावर प्रमाण, तारीख आणि ‘फक्त एम्बेडिंग’ असं मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर रात्रपाळीतला माणूस तेच प्रोसेसरमध्ये ओततो. जबड्याच्या हाडासाठी १० टक्क्यांपर्यंत जाता येतं. त्यापुढे स्लाइडवरचं वॅक्स झायलीनमध्ये हळू निघतं आणि इम्युनोचा (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री तपासणीचा) रंग डागाडागाने बसतो. मधमेणाच्या ब्लॉकची स्लाइड ६० अंशांना अर्धा तास ठेवा आणि झायलीनचे तीन बदल प्रत्येकी १० मिनिटांचे द्या.

प्रोसेसरमधलं आणि एम्बेडिंगचं पॅराफिन एकाच वितळणबिंदूचं असू द्या. दोघांत चार-पाच अंशांचा फरक पडला की थंड होताना ते वेगवेगळं आकसतं, आणि ऊतीभोवती केसासारखी फट दिसते. पाण्यात टाकल्यावर सेक्शनमधला तुकडा तिथूनच सुटून निघतो.

नवतप्यात ब्लॉक मऊ पडतात. त्यावर मिश्रणाआधी बर्फ वापरा. ब्लॉक कापलेली बाजू खाली करून ओल्या बर्फावर १० ते १५ मिनिटं ठेवा आणि एका वेळी तीन-चारच घ्या. पत्र्याखालच्या गोदामात वॅक्सचे दाणे चिकटून ढेप होते. ती खराब नसते, पण पोत्यासकट हातोडीने फोडली तर तागाचे धागे बाथमध्ये जातात. झाकणाच्या डब्यात ठेवा. हिवाळ्याचं उलट आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि बाहेरून जाणारी वॅक्सची नळी गोठते. खोली गरम ठेवायला तेल भरलेला हीटर चालेल, लाल तारेचा नाही.

आग आणि हात

झायलीनचा फ्लॅश पॉइंट २५ ते ३० अंशांच्या दरम्यान, आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा १२. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत उघड्या बाटलीवरची वाफ ठिणगीने पेटू शकते, दिवसभर. झायलीनची वाफ हवेपेक्षा साडेतीनपटीहून जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून एक्झॉस्ट खाली हवा. कूलर वाफ बाहेर काढत नाही, शेजारच्या खोलीत ढकलतो. गरम वॅक्स पेटलं तर पाणी मारू नका. झाकण टाका, ड्राय पावडर किंवा सीओटू वापरा.

बंद प्रोसेसरमध्ये ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म घालू नका. बोइन्स या फिक्सेटिव्ह द्रावणातल्या पिक्रिक ॲसिडचे नमुने नीट धुतल्याशिवाय लावू नका. सुकलेलं पिक्रिक ॲसिड स्फोटक असतं आणि व्हॉल्व्हच्या फटीत ते सुकतंच.

डीएमएसओ त्वचेतून सरळ आत जातो आणि त्यात विरघळलेलं झायलीन किंवा रंगही सोबत नेतो. हातावर पडल्यावर थोड्या वेळात तोंडात लसणीसारखी चव आली तर तो रक्तात पोचलेला आहे. ब्यूटाइल रबराचे हातमोजे सर्वात चांगले. पातळ नायट्राइलवर शिंतोडा उडाला तर तो हातमोजा लगेच बदला, पुसून वापरू नका. थंडीत बाटलीतला डीएमएसओ १८.५ अंशांखाली गोठतो. तो वितळवायला बाटली वॅक्स ओव्हनमध्ये ठेवू नका, झाकण घट्ट करून कोमट पाण्यात उभी करा.

काढलेलं वॅक्स सिंकमध्ये कधीच ओतू नका. पत्र्याच्या डब्यात गोठवा, आणि झायलीन किंवा ऊतींचा अंश असलेलं ते वॅक्स २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या वर्गात द्या. बदलाच्या नोंदवहीत तारीख आणि बाथ क्रमांकाशेजारी एक रकाना वाढवा: वॅक्सचा बॅच नंबर आणि त्यात काही मिसळलं असल्यास काय, किती ग्रॅम. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह अडकला तर इंजिनीअरला यंत्राआधी ते पान दाखवा.